कलावतीने भरलेली फी

१

"कर्डक मॅडम, माझी आई वारलीय आणि तीच माझी फी भरतेय."

फोनवरची मुलगी हे इतक्या सरळ आवाजात म्हणाली, की आधी मला ती चेष्टा वाटली. भुताखेतांचा मला अनुभव नाही. मला अनुभव आहे तो केवायसीचा, आणि तो जास्त भीतिदायक असतो असं माझं मत आहे.

मी शैला कर्डक. बँकेच्या परदेशी व्यवहार विभागातून निवृत्त झाले आणि आता नाशिकला गंगापूर रोडच्या घरात बसून, परदेशात शिकणाऱ्या मुलांचे वाटेत अडकलेले पैसे सोडवून देते. ते फार अडकतात. कधी कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतो, कधी ओटीपी त्याची मुदत संपल्यावर उगवतो, तर कधी आधारवरचं नाव पॅनवरच्या नावाला ओळख देत नाही. माणसं घाबरीघुबरी होऊन येतात आणि मी त्यांना आधी चहा पाजते.

या मुलीला चहा पाजता येत नव्हता. सृष्टी ढोमसे आयर्लंडमध्ये होती. मूळची निफाडकडची, वडिलांची द्राक्षबाग. वडिलांनी तिच्या जाण्याला विरोध केला, एक रुपयाही दिला नाही. प्रवेशाचे पैसे मामाने भरले, पुढचे हप्ते बेकरीत काम करून भरू असं ठरवून ती निघाली. ते जमणं शक्यच नव्हतं. मुदत वाढवून मागायला ती कॉलेजच्या ऑफिसात गेली की तिथली बाई म्हणायची, "तुझा हप्ता आलाय की." पावतीवर नुसती रक्कम. तिला वाटलं, मामा गुपचूप भरतोय.

मग आई किंवा वडील गमावलेल्या मुलांना फीत सूट मिळते म्हणून तिने अर्ज केला. सोबत आईचा मृत्यूचा दाखला जोडला. दुसऱ्याच दिवशी ऑफिसने बोलावलं. सगळे हप्ते कलावती चिमाजी ढोमसे या बाईंच्या खात्यातून आले होते, आणि दाखल्याप्रमाणे त्या केव्हाच मयत होत्या.

"शुक्रवारपर्यंत पैसे खरंच कोणी भरले ते सांगायचं, त्या माणसाच्या सहीनिशी. नाहीतर प्रवेश रद्द. व्हिसाही जाईल." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "मॅडम, मी आईच्या नंबरवर मेसेज टाकला. नुसतं 'आई?' एवढंच. दोन्ही टिक निळ्या झाल्या. मग वर 'टायपिंग' आलं. कितीतरी वेळ येत राहिलं."

"आणि?"

"मग थांबलं."

२

पहिला संशय अर्थातच मामावर. संतोष मामाचं नाशिकरोडला ऑनलाइन सेवा केंद्र होतं. पॅन, पासपोर्ट, रेल्वेचं तिकीट, सगळं एकाच खिडकीत. बहिणीच्या फोनवर बँकेचं ॲप त्यानेच घालून दिलं होतं. भाचीवर जीव. याहून सोपा आरोपी शोधूनही सापडला नसता.

"मी भरले असते तर सांगितलं नसतं का?" तो म्हणाला. "माझ्या खात्यातून सरळ भरले असते. रोज चार जणांचे भरून देतो. ताईच्या खात्यातून कशाला भरू? आणि ओटीपी ताईच्या नंबरवर जातो. तो फोन निफाडला, दाजींच्या घरात. दाजींनी दुसरं लग्न केलं त्या दिवसापासून मी त्या घरची पायरी चढलेलो नाही."

बोलता बोलता तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. मी विचारलं तेव्हा त्याने ते खिळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवलं. सृष्टीने कळवलेल्या, पैसे निघाल्याच्या तारखांना त्याने पेनाने गोल केले होते. प्रत्येक गोलात एक काळा ठिपका छापलेला होता.

"अमावस्या," संतोष हळू आवाजात म्हणाला. "एकदाही चुकलेली नाही. मॅडम, ताई गेली तीही अमावस्येलाच."

गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याने शटर अर्धं खाली ओढलं. मी हसले, पण ते कॅलेंडर मात्र पुन्हा उलटून पाहिलं. गोल बरोबर होते.

३

निफाडची थंडी अंगात सुईसारखी शिरते. संतोषने मला गाडीने सोडलं आणि स्वतः फाट्यावरच थांबला. धुक्यात बागेच्या तारा तेवढ्या दिसत होत्या. मजूर कुठेतरी बोलत होते, पण माणूस दिसत नव्हता.

चिमाजी ढोमसे ओसरीवर बसले होते. मोठा बागायतदार, परदेशात माल पाठवणारा, कागदपत्रं चोख. मी कोण आणि कशाला आले ते सांगितल्यावर त्यांनी कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्या एक रुपया दिला नाय," ते म्हणाले. "देणार बी नव्हतो. एकुलती एक पोर, तिकडं गेली म्हंजे गेली. पण तिची आई ऐकत नसंल तर म्या काय करू, सांगा."

"म्हणजे कलावतीबाई पैसे भरतात असं तुम्हाला वाटतं?"

"दुसरं कोन भरंल?"

एवढा व्यवहारी माणूस हे बोलताना माझ्याकडे न बघता घराच्या आतल्या अंधाराकडे बघत होता. तेवढ्यात आतून त्यांची दुसरी बायको चहा घेऊन आली. अंजलीबाई. चाळिशीच्या, अंगाने किरकोळ. गळ्यात काळ्या पोतीशेजारी चांदीचा लहानसा टाक होता, त्यावर ठोकलेली बाईची आकृती. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालायची पद्धत काही घरांत अजून आहे. नवी साडी असो की सणाचा घास, आधी टाकाला लावायचा, मग स्वतः घ्यायचा.

चहाची बशी माझ्या हातात देण्याआधी त्यांनी ती टाकाजवळ नेली. अगदी सहज.

"ती हाय ना इथं," माझी नजर पाहून त्या म्हणाल्या. "तिला इचारल्याबिगर मी पाणी बी पीत नाय."

मला चहा कडू लागला, हे कबूल करते.

सृष्टीबद्दल मी त्यांना विचारलं. उत्तर चिमाजींनीच दिलं. "पोरीनं हिला कदी जवळ केलं नाय. जाताना मला म्हनली, मावशीच्या हातचा एक पैसा मला नको. आन् हिच्याकडं पैसा हाय कुठं? बांधाला हिची शेवंती हाय, माहेरची रोपं आनून लावलेली, नाशकाच्या फूलबाजारात जाती. तेवढा हातखर्च. बँकेत हिचं काय चालत नाय. दोन डाव फॉर्म भरला, दोन्ही डाव माघारी आला."

अंजलीबाई रिकाम्या बश्या उचलून आत गेल्या.

"कलावतीबाईंचा फोन कुठे आहे?"

"देव्हाऱ्यात. बंद हाय. म्या फकस्त रिचार्ज मारतो. नंबर दुसऱ्या कुनाला जाऊ द्यायला जीव होत नाय. बँकेला बी कळवलं नाय. खातं बंद केलं म्हंजे ती खरंच गेली, न्हाय का?"

देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात तांबड्या फडक्यात गुंडाळलेला फोन होता. सोबत कार्ड, आणि कार्डाच्या पाकिटावरच पिन लिहिलेला, आपल्याकडे घरोघरी असतो तसा. मी फोन सुरू केला. घरात रेंज नव्हती. पण कोपऱ्यात बॅटरीचा आकडा आला, आणि चिमाजींनी देव्हाऱ्याची चौकट धरली.

बॅटरी पूर्ण भरलेली होती.

"म्या चार्ज केला नाय," ते म्हणाले. "देवाशपथ, म्या केला नाय."

४

निघताना मी चिमाजींना म्हटलं, उद्या नाशिकला या, बँकेत जाऊ. ते नाही म्हणाले. उद्या अमावस्या. मजूर कामावर येत नाहीत, औत कुणी धरत नाही, आणि ते स्वतः सकाळीच म्हसोबाला नारळ फोडायला जातात, ते उन्हं कलल्यावर परततात. फोन करायचा तर रेंज तेवढी शेततळ्याच्या बांधावर येते, म्हणून निरोप पाठवा म्हणाले.

संध्याकाळी सृष्टीचा फोन आला. कॉलेजच्या बाईने तिला आणखी एक गोष्ट दाखवली होती. सगळ्यात पहिल्या हप्त्याच्या आधी कुणीतरी दुसऱ्याच नावाने पैसे पाठवायचा प्रयत्न केला होता. कागद जुळले नाहीत म्हणून तो मधल्या मध्येच रद्द झाला.

"नाव काय?"

"नवसाबाई रंगनाथ काकड. मॅडम, आमच्या नात्यात, गावात, कुठंच या नावाची बाई नाही. मामालाही विचारलं. कोण आहे ही?"

म्हणजे एक मेलेली बाई, आणि एक अशी बाई जी कुठेच नाही. मी दिवा लावून बसले आणि स्वतःवरच चिडले. थंडी, धुकं, टाक, अमावस्या यांनी माझी मती गुंग केली होती. बँकेत इतकी वर्षं काढलेल्या बाईने विचारायला हवा तो प्रश्न मी विचारलाच नव्हता.

पैसे भरणं हा गुन्हा नाही. मग ते लपवून, मेलेल्या बाईच्या खात्यातून कशाला भरायचे? संतोषला भरायचे असते तर त्याचं खातं होतं, धंदाच तो होता. शिवाय त्याची सुट्टी रविवारी. अमावस्येला सुट्टी घेतात ती शेतातली माणसं, आणि हे सुचेपर्यंत मी त्या काळ्या ठिपक्यांना उगाच घाबरत होते. चिमाजींनाही भरायचे असते तर त्यांचे कागद सोन्यासारखे. त्यात अमावस्येला ते घरी नसतातच. मेलेल्याचं नाव उसनं कोण घेईल? ज्याचं स्वतःचं नाव पुढे सरकत नाही, तोच.

आणि अशी माणसं मी नोकरीत शेकड्यांनी पाहिली होती. सगळ्या बायका. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. सगळे हसतात, पेढे वाटतात, आणि आयकर खात्याला कुणी कळवत नाही. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. दोन नावांत आडनावही सारखं नाही आणि मधलं नावही नाही, एकीकडे नवऱ्याचं, दुसरीकडे बापाचं. यंत्राच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बायका, आणि दोघींपैकी एकीलाही परदेशात पैसे पाठवता येत नाहीत.

मी संतोषला फोन करून उद्या सकाळी लवकर गाडी काढायला सांगितली. माझा अंदाज खरा असेल तर उद्या आणखी एक हप्ता निघणार होता. मेलेल्या बाईकडून आणखी एक रक्कम तिकडे पोचली असती, तर शुक्रवारची वाट न बघता सृष्टीला बाहेर काढलं असतं.

५

अमावस्येच्या दिवशी ती बाग मी विसरणार नाही. माणूस नाही, ट्रॅक्टर नाही, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. धुकं घडांपर्यंत उतरलेलं. ओसरीवर मी हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. देव्हाऱ्याखालचा कप्पा उघडला. तांबडं फडकं होतं, फोन नव्हता.

मी बाहेर आले, संतोषला फाट्यावरून बोलवावं असं मनात आलं. पण तेवढा वेळ नव्हता. शेततळ्याची वाट विचारायलाही कुणी नव्हतं. आडव्यातिडव्या ओळींतून चालत राहिले आणि फोनवर रेंजची एक काडी दिसताच कलावती ढोमसेंचा नंबर लावला.

आधी काहीच नाही. मग बागेच्या आतून, धुक्यातून, रिंग वाजली. कुठलीशी जुनी आरती. मेलेल्या बाईचा फोन वेलींमध्ये वाजत होता आणि भर सकाळी माझे पाय जमिनीला चिकटले. मला भीती वाटली. सगळं ठाऊक असूनही वाटली.

रिंग बंद झाली. कुणीतरी ती बंद केली होती.

वर बांधावर एक पाठमोरी आकृती दिसली, डोक्यावरून पदर, हातातल्या उजेडावर मान वाकवलेली. मी कलावती म्हणून हाक मारली नाही. अंजली म्हणूनही नाही. पोटातून जोर लावून ओरडले,

"नवसाबाई! ए नवसाबाई!"

"ओऽ!" बाई म्हणाली आणि गर्रकन वळली.

वळल्यावर तिला कळलं की आपण ओ दिली. अंजलीबाईंनी फोन पदराआड घेतला. माहेरच्या या नावाने त्यांना या घरात कुणी कधी हाक मारलेली नव्हती.

"ओटीपी टाकला का?" मी धापा टाकत विचारलं.

"अजून आला नाय," त्या म्हणाल्या. "हितं लय उशिरा येतो. कदी कदी तर येतो तवर त्याचा टाइम संपल्याला असतो. मग पुन्ना पैल्यापासनं."

मी त्यांच्या हातून फोन घेतला आणि व्यवहार रद्द केला. मग बांधावरच बसले.

६

त्यांना वाटलं मी पोलीस आणलेत. नाही म्हटल्यावर बोलत्या झाल्या. सृष्टी गेली त्या दिवशी चिमाजी जेवले नव्हते. पोर पैशापायी परत आली तर जन्मभर बापाला आणि आपल्याला दोष देईल, हे अंजलीबाईंना दिसत होतं. फुलांचे पैसे होते, सृष्टीच्या कपाटात राहिलेला कॉलेजच्या फीचा कागद होता. माहेरच्या नावाचं जुनं बचतगटाचं खातं होतं. त्यावरून पाठवायला गेल्या तर पॅन आणि आधार जुळेना. नाव बदलायला गेल्या तर लग्नाचा दाखला मागितला, लग्न देवळात झालेलं, दाखला नाही. सुट्टीच्या दिवशी शाखा उघडी असली तर साहेब जागेवर नाही.

"मग मी हिला इचारलं," त्यांनी टाकाला हात लावला. "म्हनलं, ताई, पोर तुजी हाय. माझं नाव चालत नाय, तुजं चालतंय. वापरू का? फुलांचे पैसे मशीनमदी तिच्या खात्यात टाकत गेले. चोरी केली नाय, बाई. इचारून घेतलंय."

मी त्यांना सांगितलं की मेलेल्या माणसाचं खातं चालवणं गुन्हा आहे, टाकाची परवानगी बँक धरत नाही. जरा तोडूनच सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही आवाज चढवल्याची लाज वाटली.

"आता सही लागेल," मी म्हटलं. "तुमचं नाव कॉलेजला कळवावं लागेल."

"नको!" त्या पहिल्यांदाच जोरात बोलल्या. "माझं नाव कळलं तर ती पैसे फेकून दील, शिक्षान सोडून दील. तिचा सोभाव ठाव हाय मला. दुसऱ्या कुनाचं बी नाव घाला."

"दुसरं खोटं नाव घातलं तर तिचं शिक्षण नक्कीच जाईल."

मी सृष्टीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे अजून उजाडलं नव्हतं. ती अंथरुणात उठून बसली आणि मी तिला सगळं सांगितलं. मग मी फोन अंजलीबाईंच्या हातात दिला. 

"मी मेसेज टाकला होता," सृष्टी म्हणाली. "तुम्ही वाचला. लिहायला पण घेतलं होतं. मग का नाही बोललात?"

"त्यो तुज्या आईला व्हता गं," अंजलीबाई म्हणाल्या. "फोन चार्ज करून बांधावर बघाया आनला, तवा दिसला. पत्त्यावर तिचं नाव. मी कशी उत्तर देनार? लिवायला गेले, पुसलं. तिला इचारलं, तर ती बी काय बोलली नाय."

सृष्टीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलताना दिसत होते. मी मुद्दाम शेततळ्याच्या पाण्याकडे बघत राहिले, पण कान बंद करता येत नाहीत.

थोड्या वेळाने मी व्यवहाराचं बोलले, कारण कुणीतरी बोलायला हवं होतं. कॉलेजला खरं ते सगळं कळवायचं, अंजलीबाईंच्या सहीने. कॉलेजचा नियम मी पाहून ठेवला होता. ते आलेले पैसे माघारी धाडतील, आणि खऱ्या माणसाने खऱ्या कागदांवर भरायला नवी मुदत देतील. पण माघारी आलेले पैसे कलावतीबाईंच्या खात्यात पडतील. ते खातं आता बँकेला कळवून गोठवावं लागणार, आणि वारसांचे कागद होईपर्यंत त्यातला रुपयाही हलणार नाही. म्हणजे सगळी फी पुन्हा पहिल्यापासून. अंजलीबाईंची लग्ननोंदणी आणि नावाची दुरुस्ती मी स्वतः उभी राहून करून घेईन, पण पैसे त्यांनाच उभे करावे लागतील.

हे ऐकून अंजलीबाईंनी बांधाच्या पलीकडे पाहिलं. तिथे त्यांची शेवंती होती. मनातल्या मनात त्यांनी काय हिशेब केला मला ठाऊक नाही, पण चेहरा उतरला.

म्हसोबाहून चिमाजी त्या दिवशी लवकर परतले होते, केव्हा ते कळलं नाही. प्रसादाचा अर्धा नारळ हातात धरून ते मागे उभे होते आणि त्यांनी बरंच ऐकलं होतं. बायकोकडे ते पहिल्यांदाच बघत असावेत अशा नजरेने बघत होते. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, आता तरी हात सैल करा. त्यांनी मान खाली घातली.

पण सृष्टीने त्यांना विचारलंच नाही. फोनमध्ये तिने डोळे पुसले आणि ती पुढे झुकली.

"मावशी," ती म्हणाली, "मी तेव्हा म्हटलं होतं, तुमच्या हातचा पैसा नको. ते..." तिने पांघरूण बाजूला सारलं. मग एकदम म्हणाली, "माझ्याकडे आता काहीच नाही. मला इथून परत यायचं नाही. तुम्ही पुन्हा भराल?"

अंजलीबाईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. एवढ्या वर्षांत त्या पोरीने त्यांच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

"भरीन की," त्या म्हणाल्या. "पन आता माझ्या नावानं भरीन. तिला बिचारीला किती दिस राबवायचं?"